समुद्राचं शेणखत

जानेवारीत आमच्या शिवारातली ज्वारी हुरड्यावर येते. सकाळी गोदावरीवरून उठलेलं धुकं थेट आमच्या बांधापर्यंत येऊन बसतं. कणसं दवानं जड होतात आणि माना टाकतात. शेणींची आगटी पेटते, निखाऱ्यात कणसं खुपसली जातात, आणि मग तळहातावर चोळलेला तो हिरवा, कोवळा, चटका देणारा हुरडा. सोबत शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, मूठभर बोरं. गंगाखेडच्या रस्त्यानं कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर दिवसभर घरघरत असतात. हवेत धूर, ऊस आणि ओल्या मातीचा एकच मिसळलेला वास असतो. आमच्या भागात थंडी म्हणजे हा वास.

यंदाही ज्वारी दुधात आली आणि माझ्या जिभेवर हुरड्याच्या आधी दुसरीच चव आली. मिठाची. ओठांवर वाळलेल्या समुद्राच्या पाण्याची. माहेर परभणीचं, सासर गंगाखेडजवळच्या खेड्यातलं, नोकरी गंगाखेडच्या शाळेत. समुद्राशी माझं काही देणंघेणं नव्हतं. तरी आता हुरड्याचे दिवस आले की मला समुद्र आठवतो, आणि त्याला कारण आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. सासरे लवकर गेले. त्यांच्या मागे या बाईनं शेत केलं, दावणीला म्हशी बांधल्या, मुलाला आणि मुलीला शिकवलं. आवाज असा की वरच्या वावरातून हाक मारली तर खालच्या ओढ्यावर माणूस उभा राहावा. मुलगा म्हणजे माझे यजमान, शेती बघतात. मुलगी रोहिणी. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत जात होती आणि माझ्याकडून वेणी घालून घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नव्हती. पुढे परभणीला प्राणिशास्त्र शिकली आणि एक दिवस बॅग भरून कोकणात निघून गेली. तिथं एका लहानशा गटात ती काम करू लागली. समुद्रात डॉल्फिन कुठं दिसतात, कसे राहतात ते पाहायचं, मच्छीमारांशी बोलायचं, जाळ्यात सापडलेला जीव सोडवायचा, मरून किनाऱ्याला लागलेला असेल तर तो कशानं मेला ते शोधायचं.

गावाला हे सांगता सांगता आम्ही बेजार झालो. आत्याबाईंना तर ते पटतच नव्हतं.

"म्हशी राखणारी ठावं हाय, मेंढरं राखणारी ठावं हाय," त्या म्हणायच्या. "मासे राखणारी बाई म्या कदी ऐकली न्हाई."

काही वर्षांपूर्वी रोहिणी संक्रांतीला आली नाही. त्यातच पूर्ण्याहून एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा रेल्वेत, माणसं चांगली, एकच म्हणणं होतं की मुलीनं ती लांबची नोकरी सोडून इकडं यावं. आत्याबाईंना त्यात वावगं काही दिसलं नाही. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "माय, हे दिवस लय कामाचे हायत. तूच ये की हिकडं."

"येतेच," आत्याबाई म्हणाल्या. "येते आन घिऊनच येते तुला."

घरी ऊसतोड चालू होती, त्यामुळे यजमानांना हलता येईना. म्हणून सोबतीला मी. शाळेत रजा टाकली. गंगाखेडला कोल्हापूरची गाडी धरली, कोल्हापूरहून एसटीनं घाट उतरलो. आत्याबाईंच्या मांडीवर एक गाठोडं होतं. त्यात तिळाचे लाडू, धपाटे आणि फडक्यात बांधलेली हुरड्याची कोवळी कणसं. घाटात त्यांना मळमळलं, तरी गाठोड्याची पकड सुटली नाही.

पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा मी चप्पल काढून हातात घेतली. आत्याबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "एवढं पाणी, आन त्यातलं घोटभर बी पिता येत न्हाई? काय कामाचं?"

ज्या बाईनं उन्हाळ्यात टँकरच्या मागे घागर घेऊन धाव घेतली आहे, तिनं समुद्राला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. काय कामाचं, हाच आमच्याकडचा मूळ प्रश्न. झाडाला, जनावराला, माणसालाही तोच.

रोहिणी एका वाडीत दोन खोल्यांच्या घरात राहत होती. उन्हानं पार रापली होती. हात खरखरीत झालेले, केस वाऱ्यानं राठ झालेले. आत्याबाईंनी तिच्या डोक्याला तेल लावता लावता स्थळाचं सगळं सांगून टाकलं. रोहिणीनं मान वर केली नाही. तेल जिरल्यावर एवढंच म्हणाली, "माय, आठवडाभर ऱ्हा. मी काय करते ते बघ. मग म्हण, चल. मी वाद घालणार न्हाई."

आत्याबाईंनी ते कबूल केलं. त्यांना खात्री होती की आठवड्यानंतर त्या पोरीला घेऊनच निघतील.

दुसऱ्या सकाळी ती आम्हाला होडीतून घेऊन गेली. पाणी शांत, शिळ्या ताकाच्या रंगाचं. आत्याबाई होडीच्या मधोमध, दोन्ही हातांनी फळी धरून, डोळे मिटून बसलेल्या. किनारा मागे पडल्यावर रोहिणीनं होडीवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं. एकदम शांतता झाली. मग डाव्या अंगाला, अगदी जवळ, आवाज आला. फुस्स.

आत्याबाईंचे डोळे खाडकन उघडले. "म्हैस सुसकारली काय गं?"

पाण्यातून करडी, ओली पाठ वर आली, कमानीसारखी वळली आणि गेली. तिच्या मागोमाग तशीच एक लहान पाठ. पुन्हा फुस्स, आणि लगेच एक बारीक फुस्स.

"ती माय हाय," रोहिणी हळू आवाजात म्हणाली. "आन ते तिचं लेकरू. हे मासे न्हाईत माय. आपल्यावानी हवा घेत्यात. डोक्यावर नाक हाय त्यांचं. लेकराला अंगावर पाजत्यात. एक एक लेकरू दोन दोन, तीन तीन वर्षं मायच्या मागं ऱ्हातंय."

"पाण्यात पाजती?"

"पाण्यातच."

आत्याबाईंनी फळीवरचा एक हात सोडला. ते दोघं पुन्हा वर आले तेव्हा लहान्याचं अंग मोठीच्या अंगाला चिकटलेलं होतं, जसं वगारू म्हशीच्या पोटाला लागून चालतं. परतताना आत्याबाई डोळे उघडे ठेवून बसल्या.

वाडीच्या देवळामागे एक मोठं हाड उभं करून ठेवलेलं होतं. कुणाच्या तरी पणजोबांच्या काळात किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाची ती फासळी. गाडीच्या जुवापेक्षा लांब, पावसानं पांढरी झालेली, तिच्यावर कुणीतरी कुंकू वाहिलेलं. आत्याबाईंनी आधी नमस्कार केला आणि मग विचारलं, "हे केवढं मोठं जनावर आसंल गं?"

"घराएवढं," रोहिणी म्हणाली. "आपल्या समुद्रात बी हायत. लांब, खोल पाण्यात. मी दोनदाच बघितला."

"आन तो खातो किती, हगतो किती?"

मला हसू फुटलं. रोहिणीला मात्र फुटलं नाही. उलट तिचा चेहरा असा उजळला की जणू इतकी वर्षं ती याच प्रश्नाची वाट बघत होती. ती तिथंच देवळाच्या पायरीवर बसली आणि आईला समजावू लागली. देवमासा खोल जाऊन खातो, श्वासासाठी वर येतो आणि वर आल्यावर विष्ठा टाकतो. ती पाण्यात पसरते. समुद्राच्या वरच्या थरात डोळ्यांना दिसणार नाही एवढी बारीक हिरवी वनस्पती असते, तिला ते खत मिळतं. ती वाढली की तिच्यावर बारीक जीव वाढतात, त्यांच्यावर मासे, माशांवर ही सगळी वाडी. आणि आपण जो प्राणवायू छातीत ओढतो, त्यातला मोठा वाटा त्या बारीक हिरव्या वनस्पतीनंच तयार केलेला असतो.

आत्याबाई ऐकत होत्या. एक बोट हनुवटीला. "म्हंजी वावरात मेंढरं बसवल्यावानी," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे सुगी झाल्यावर मेंढपाळ येतात. शेतकरी त्यांना आपल्या रिकाम्या वावरात रात्री कळप बसवायला सांगतो, कारण जिथं मेंढ्या बसल्या तिथलं पुढचं पीक काळंभोर येतं. दिवसा लांब रानात चरायचं आणि रात्री आपल्या वावरात खत टाकायचं.

"तसंच," रोहिणी म्हणाली. "अगदी तसंच, माय."

"आन मेंढरंच मेली तर?"

रोहिणीनं फासळीवर हात ठेवला. ज्या बाईनं रासायनिक खतानं खंगलेलं वावर शेणखत टाकून पुन्हा जिवंत केलं होतं, तिला याचं उत्तर कुणाकडून ऐकायचं नव्हतं.

मी बाजूला उभी राहून या माय-लेकींकडे बघत होते. आम्ही शाळेत निसर्गाचा समतोल शिकवतो, फळ्यावर बाण काढतो, गोल काढतो. मुलं ते उतरवून घेतात. माझ्याच घरातल्या दोन बायकांनी तो धडा देवळाच्या पायरीवर वाचला, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हा माझ्याही पोटापाण्याचा विषय आहे.

त्यानंतरचा दिवस वाईट गेला. दुपारी कुणीतरी सांगत आलं की खडकांजवळ एक डॉल्फिन मरून लागला आहे. रोहिणीनं हातमोजे घातले, पिशवी घेतली. आत्याबाई नको नको म्हणत असताना मागोमाग आल्याच. वाळूवर मोठी मादी पडली होती. लांबट तोंडाभोवती जाळ्याचा तुटका तुकडा आवळून बसला होता, मांसात रुतलेला. त्यामुळे तिला तोंड उघडता आलं नव्हतं. रोहिणी मोजमापं घेत होती. पोटाखाली एके ठिकाणी तिनं हलकेच दाबलं आणि पांढरं, दाट दूध वर आलं.

आत्याबाई त्या मादीजवळ वाळूत बसल्या.

"पान्ह्यावर व्हती गं ही," त्या म्हणाल्या. "हिचं लेकरू कुटं आसंल?"

"माहीत न्हाई," रोहिणी म्हणाली. "एवढं लहान एकटं जगत न्हाई, माय."

तिचा आवाज कोरडा होता. हात मात्र न थांबता काम करत होते. संध्याकाळी घरी आल्यावर आत्याबाईंनी तिला अंघोळीला ऊन पाणी काढून दिलं, जसं शेतातून थकून आलेल्या माणसाला देतात. जेवताना मात्र म्हणाल्या, "रोज आसं मरण बघत ऱ्हायचं, हे काय आयुष्य हाय का? चल घरी. दुसऱ्या कुनाला करू दे."

"दुसरं कोण, माय?" रोहिणीनं विचारलं. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं.

आम्ही जेवण संपवलं.

आणि मग ती सकाळ आली. ऊन नुकतंच माडांच्या शेंड्यांवरून खाली उतरलं होतं. किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीतून ते पाण्यात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. तीस-चाळीस माणसं, बायाबापड्या, सगळ्यांच्या टाचा वाळूत रुतलेल्या. सगळ्यांचा म्होरक्या सावळाराम काका, वयानं सत्तरीचा, अंगानं सागाच्या सोटासारखा. आम्ही बघायला उभ्या होतो. जाळं जवळ आलं तशी आत मोठी उसळी झाली आणि कुणीतरी ओरडलं.

रोहिणीनं चप्पल काढली आणि कपड्यांनिशी पाण्यात धावली.

जाळ्यात डॉल्फिनचं पिल्लू होतं. मासोळीच्या ढिगाऱ्यात अडकलेलं, पंखाला आणि शेपटीला दोऱ्यांचे वेढे. ते उसळत होतं, पण वर येऊन श्वास घेता येत नव्हता. पाण्यात जन्मलेला जीव पाण्यातच बुडून मरतो, हे मला त्या क्षणी कळलं. आणि जाळ्याच्या पलीकडे, छातीभर पाण्यात, एक मोठी पाठ या टोकाकडून त्या टोकाकडे फेऱ्या मारत होती. तिथं तिच्यासाठी पाणी फार उथळ होतं. तरी ती मागे हटत नव्हती.

"दोर थांबवा!" रोहिणी ओरडली. "ओढू नका! शेपटीला कुणी हात लावू नका! डोक्यावरचं भोक पाण्याच्या वर राहू द्या!"

मी या मुलीच्या वेण्या घातल्या होत्या. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. म्हणजे ऐकला होता, वरच्या वावरातून. तो आत्याबाईंचा होता. आणि चाळीस माणसं थांबली.

"काका, जाळं कापावं लागेल," ती सावळाराम काकांना म्हणाली.

काकांनी जाळ्यातल्या मासळीकडे बघितलं. कापलं की ती सगळी जाणार. मागे दोर धरून उभी असलेली माणसं कुजबुजू लागली. एकजण म्हणाला, "जाळा कापला तर आज घराक काय न्हेवचा?"

तो काही दुष्ट नव्हता. खरंच विचारत होता. त्या जाळ्यावर कितीतरी चुली होत्या.

"जाळं कापल्याची सरकारी भरपाई मिळते काका, ते सगळं मी बघते," रोहिणी म्हणाली. "पण आता वेळ नाही."

"भरपाई मिळात तेव्हा मिळात," काका म्हणाले. त्यांची नजर जाळ्यापलीकडे फेऱ्या मारणाऱ्या पाठीवर होती. क्षणभरच. मग त्यांनी कमरेचा सुरा काढला. "तेची आवस भायर फिरता हा. कापा रे! जाळा परत विणूक येता." आवस म्हणजे आई, हे मला कुणी न सांगता कळलं.

दोघातिघांनी जाळं कापायला घेतलं. मासळी चांदीसारखी सांडून निसटू लागली. रोहिणी पिल्लाला छातीशी धरून उभी होती, पण लाटेनं तिचा तोल जात होता.

"माय!" तिनं हाक मारली. "हिकडं ये! पोटाखालून हात घाल. उचलू नको, नुसतं धरून ऱ्हा."

घोट्याच्या वर समुद्रात न गेलेल्या आत्याबाईंनी लुगडं खोचलं आणि कंबरभर पाण्यात शिरल्या. आयुष्यात किती म्हशींची बाळंतपणं केली असतील या बाईनं, पण त्या दिवशी एकही हालचाल आपल्या मनानं केली नाही. लेक म्हणाली हात इथं, तर हात तिथं. लेक म्हणाली दाबू नको, तर हात सैल. मी दोरापाशी उभी राहून रडत होते की हसत होते, आठवत नाही. ओठांवर खारट पाणी होतं एवढं खरं.

शेवटचा वेढा सुटला. पिल्लू निपचित होतं. रोहिणीनं त्याचं डोकं पाण्यावर धरलं. ती त्याच्याकडे बघत होती, आत्याबाई रोहिणीकडे.

मग ते सुसकारलं. बारीक, ओलसर, जोराचा श्वास.

"काळीज धडधडायलंय गं त्याचं," आत्याबाई म्हणाल्या. "हाताला लागायलंय."

"आता सोड, माय."

"सोडू? बुडंल की."

"न्हाई बुडत. सोड."

आत्याबाईंनी हात काढले. पिल्लू जरा खाली गेलं. तेवढ्यात खालून ती मोठी सावली आली, त्याच्या पोटाखाली शिरली आणि त्याला वर घेऊन आली. दोन श्वास ऐकू आले, एक मोठा, एक लहान. पुन्हा जरा लांब. मग आणखी लांब.

किनाऱ्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं उरलेली मासळी गोळा करायला लागली. थोडीच होती. एका म्हाताऱ्या कोळणीनं आम्हा तिघींना चहा आणून दिला. रोहिणी वाळूत बसली. आत्याबाईंनी ओल्या पदरानं तिचं तोंड पुसलं. पदरच ओला, त्यामुळे तोंड आणखी खारट झालं असणार, पण रोहिणीनं ते करू दिलं.

दुपारी आत्याबाईंनी मला पूर्ण्याच्या पाहुण्यांना फोन लावायला सांगितला. त्या मोबाइल नेहमी तोंडासमोर धरून बोलतात, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"पोरगी कामात हाय," त्या म्हणाल्या. "तिला हे सोडून यायला जमायचं न्हाई. तुमाला हिकडं येऊन तिचं काम बगायचं आसंल तर या. मी हाय आजून चार दिवस."

ते काही आले नाहीत, आणि त्याचं आमच्या घरात कुणाला वाईट वाटलं नाही. रोहिणी आजही तिथंच आहे, त्याच कामात. तिचा तो गट आता जरा मोठा झाला आहे. वाडीतल्या चार मुली तिच्याबरोबर होडीत असतात.

परत येताना गाडीत मी खिडकीशी बसून विचार करत होते. आपला पाऊस पश्चिमेकडून येतो. ज्या समुद्रावर आत्याबाई हात कंबरेवर ठेवून उभ्या होत्या, तिथलंच पाणी ढगात बसून घाट चढतं आणि उरलंसुरलं आमच्या ज्वारीवर, कापसावर, सोयाबीनवर येऊन पडतं. आणि जे पडतं ते गोदावरी घेऊन पूर्वेच्या समुद्राला जाते. एका समुद्राकडून घ्यायचं, दुसऱ्याला द्यायचं. परभणी जिल्हा समुद्रापासून लांब आहे असं आपण म्हणतो, पण खरं तर तो दोन समुद्रांच्या मधल्या वाटेवर बसला आहे. गंगाखेडच्या घाटावर दिवे सोडून झाल्यावर आपण जी प्लॅस्टिकची पिशवी पाण्यात टाकतो, ती कुठं जाते, याचा विचार मी त्याआधी केला नव्हता. आता वर्गात मी तो प्रश्न विचारते. मुलं गोदावरीच्या काठची आहेत. उत्तर त्यांना येतं.

काही लोक म्हणतात, माणसं मरायलीत तिथं माशांचं काय घेऊन बसलात. हा प्रश्न चांगल्या मनाची माणसंही विचारतात. पण मी सावळाराम काकांना जाळं कापताना बघितलं आहे. माणसाच्या पोटाची काळजी त्यांच्याइतकी कुणाला असेल? त्यांनी विचार केला आणि कापलं. कारण जो समुद्र आज उपाशी राहील, तो उद्या त्यांच्या नातवाला काय देणार? आणि हिशेबाचं सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरतेच. जो जीव आपल्यासारखाच श्वास घेतो, लेकराला दूध पाजतो आणि त्याच्यासाठी उथळ पाण्यात येऊन फेऱ्या मारतो, त्याला जाळ्यात गुदमरू देणाऱ्या माणसाच्या हातून पुढे माणसांचं तरी काय भलं होणार?

घरी आलो तेव्हा हुरडा संपत आला होता, कणसं कडक होऊ लागली होती. शेजारच्या वावरातले बापूराव, म्हणजे आत्याबाईंचे चुलत दीर, शेवटच्या आगटीवर आले. साठीतला गडी, डोक्यावर टोपी, जीभ तिखट.

"मंग वयनी," ते म्हणाले, "आणली का पोरगी? का तिकडं माशांच्या शाळंत मास्तरीण ठेवली?"

आत्याबाईंनी शांतपणे कणीस चोळलं. "भाऊजी, तुमी वावरात मेंढरं कशापायी बसवता?"

"खतापायी. का?"

मग त्या सांगू लागल्या. देवमाशाची फासळी, खोल पाणी, बारीक हिरवळ, हवा. मग मेलेल्या मादीचं दूध. मग ते जाळं. आगटीभोवतीची माणसं ऐकत होती. पिल्लाच्या काळजाच्या धडधडीपाशी येऊन त्या थांबल्या आणि आपले दोन्ही हात पुढे धरले, पोटाखाली घातले होते तसे. बापूरावांनी त्या हातांकडे बघितलं. त्यांना टोमणा सुचला असणार, पण त्यांनी मारला नाही.

"मला बी दावा की एकदा," ते म्हणाले.

"हरबरा निघू द्या," आत्याबाई म्हणाल्या.

हरभरा निघाला, ज्वारी निघाली, खळी झाली. आणि ऊन तापायच्या आत आमच्या गावातून एक क्रुझर जीप कोकणात गेली. बापूराव, त्यांची बायको, त्यांच्या वावरात कळप बसवणारे मेंढपाळ नवरा-बायको, आमचे यजमान, मी आणि पुढच्या सीटवर आत्याबाई. वाटेत सगळे इतके बोलत होते की ड्रायव्हरला रेडिओ बंद करावा लागला. घाटात बापूरावांना मळमळलं तेव्हा आत्याबाईंनी त्यांना लिंबू दिलं, जणू त्या जन्मभर हाच घाट उतरत आल्या आहेत.

सकाळी रोहिणीनं आम्हा सगळ्यांना मोठ्या होडीत बसवलं. किनारा लांब गेला. तिनं हात वर केला आणि होडीवाल्यानं इंजिन बंद केलं. आमच्या मराठवाडी माणसांची बडबडही हळूहळू थांबली. पाणी होडीला हलके थापट्या मारत होतं. कुणी खोकललं नाही.

फुस्स.

होडीच्या अगदी जवळ पाणी फाकलं. करडी पाठ वर आली, उन्हात चमकली. मागे दुसरी, मग तिसरी. एक जरा वर उठला आणि होडीकडे बघतोय असं वाटलं. मेंढपाळ बाईनं दोन्ही हात गालांवर ठेवले. बापूरावांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि बांधावर कुणी भेटावं तसं हलकेच म्हणाले, "राम राम, पाव्हणं."

आत्याबाईंनी मागे वळून त्यांच्याकडे बघितलं.

"पाव्हणं ते न्हाईत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पाव्हणं आपण हाव."